धोंडुबाईच्या मापाचा पुतळा

मी काचेपलीकडून बोलतोय. रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलात की किमयाचं शिवणाचं दुकान लागतं. तिथं मोरपंखी कुर्ता घालून उभा आहे, तो मी. मला डोकं नाही, हात नाहीत. शिवणकामाचा साधा पुतळा. पण एके काळी माझ्यासारखा दुसरा कुठं नव्हता.

माझा जन्म पेणचा. गणपती उरकून मूर्तींचा कारखाना मोकळा झाला होता. किमया तिच्या आत्याला घेऊन मूर्तिकार सखाकाकांकडे आली. आत्या म्हणजे धोंडुबाई. उभा जन्म मिठागरात ओझी वाहून तिचा उजवा खांदा चार बोटं खाली उतरलेला. तयार ब्लाऊज तिला कधी बसलाच नाही. एक बाही सारखी घसरायची आणि ती पदर ओढत राहायची.

"हिच्या मापाचा पुतळा करा, काका," किमया म्हणाली.

"खांदा सरळ करतो. नायतर लोक बोलतील, सखाचा हात बिघडला."

"नको. हाय तसाच हवा."

धोंडुबाई लाजली. "माझ्यात काय बघायचंय गो लोकांनी?" पण उभी राहिली, आणि कागदाच्या लगद्यातून मी घडलो.

किमयाने मुंबईत फॅशनचं शिक्षण घेतलं होतं. तीन ठिकाणी नोकरी मागायला गेली. तिने काढलेली उतरत्या खांद्यांच्या, वाकलेल्या पाठींच्या बायकांची चित्रं चाळून तिन्हीकडे एकच प्रश्न आला, "या बायका अशा का काढल्यात?" ती परत आली आणि तिने हे दुकान थाटलं.

माझ्यावर तिने पहिला ब्लाऊज बेतला, दोन खांद्यांना दोन वेगळे उतार देऊन. उतरत्या बाजूला निळ्या धाग्याची वेल काढली, झाकायला नव्हे, नजर तिथंच जावी म्हणून. तो घालून धोंडुबाई आरशासमोर किती तरी वेळ उभी होती. पदर तिने एकदाही ओढला नाही.

मग बायका येऊ लागल्या. पाठीला बाक आलेली चंद्रावती आली. ऑपरेशनमध्ये एक स्तन गेलेली नागोठण्याची अनिता आली. कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मुली आल्या. किमया आधी विचारायची, "कुठं टोचतं? कुठं सैल होतं?" आणि मगच कापडाला कात्री लावायची.

धोंडुबाईचा व्हिडिओ तिने मोबाइलवर टाकला. तो पुष्कळ लोकांनी पाहिला. मुंबईच्या एका कपड्यांच्या कंपनीचा फोन आला. शो करायचा, धोंडुबाईने स्वतः स्टेजवर चालायचं. आत्याने रोज अंगणात चालायचा सराव सुरू केला.

शोच्या आधी कंपनीच्या मृणालीमॅडम दुकानात आल्या. त्यांनी कपडे हातात घेऊन मनापासून वाखाणले. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा खांदा सरळ करून घे. सगळ्या साइझमध्ये माल काढायचाय. आणि स्टेजवर आमच्या मुलीच चालतील. आत्यांचा मोठा फोटो मागे लावू."

"पण मी आत्याला शब्द दिलाय, मॅडम."

"मग तूच समजाव. नाही तर राहू दे, दुसरे आहेत."

दोन दिवस किमया धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कागद भिजवला, कुटला आणि माझ्या खांद्यावर थापत गेली. माझ्याकडे न बघता. मला दुखत नाही. तरी त्या दिवशी वाटलं, मला तोंड असतं तर बरं झालं असतं.

धोंडुबाईला तिने सांगितलं, "शो रद्द झाला, आत्ये."

शो झाला. किमयाचं नाव झालं. आठवड्याने धोंडुबाई दुकानात आली. शेजारच्या मालूने तिला मोबाइलवर सगळं दाखवलं होतं.

"फोटो मोठा लावलान माझा," ती म्हणाली. "मग मी का नाय चालले?"

किमया टेबलावरच्या कापडाची घडी घालू लागली.

"मला नको सांगितलं असतंस तरी चाललं असतं गो. खोटं का बोललीस?"

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून पाहिला.

"ही कोण?"

उत्तराची वाट न बघता ती पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

किमयाने त्याच संध्याकाळी खांदा घासून काढायला पॉलिशपेपर घेतला. एक-दोनदा घासलाही. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. बोलता बोलता तिने पेपर खाली ठेवला, तो ठेवलाच. आता ती महिन्यातून चार दिवस इथं असते, बाकी मुंबईत. आली की माझ्यावर नवा कुर्ता चढवते आणि बटणं लावताना मान खाली घालते.

चंद्रावती परवा माझ्या अंगावरचा कुर्ता घालून बघत होती. पाठीत अडकला. "माझंच अंग वाईट," म्हणत तिने तो काढून ठेवला.

तिला सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दुकानातला कपडा अंगाला बसला नाही तर अंगाला नावं ठेवू नका. शिवणाऱ्याला उभं करा आणि म्हणा, माझं माप घे.