शूटिंगचा मांडव

ते गाणं टीव्हीवर जेमतेम दीड महिना वाजलं. कॅसेटही फारशी खपली नाही. शब्दांत तीच ती चुनरी आणि तीच ती मेहंदी, चाल तर कुठून उचलली देव जाणे. पण संपदा त्या गाण्याची जन्मभर ऋणी राहिली, आणि का राहू नये?

संपदा इंद्रलोक नावाच्या वसाहतीतली, गुणवंत मास्तरांची लेक. तिनं मोरवा गावातल्या जितेंद्रशी चौऱ्याण्णव साली रजिस्टर लग्न केलं, तेही दोन्ही घरांना न सांगता. सासूबाईंनी तिला घरात घेतलं, पोटभर वाढलं, तापात कपाळावर पट्ट्याही ठेवल्या. पण सून म्हणून कधी हाक मारली नाही. शेजारणींना ओळख करून द्यायच्या ती "जितूची बायको" म्हणून.

"कागदावर सही केली का लगीन झाला?" असं त्यांचं म्हणणं. आगऱ्यांच्या घरी धवलारीण मांडवात धवला गाते, नवरा-नवरीचं नाव घेऊन देवांना बोलावते, तेव्हा लग्न लागतं. सासूबाईंच्या लेखी भटजीसुद्धा त्यानंतर. धवला झाला नाही तर सून तरी कसली? संपदा तीन वर्षं हे ऐकत होती. मनातून तुटायची.

अशात अंधेरीहून चंदन नावाचा डिरेक्टर आला. त्याला गाण्यासाठी गावातलं लग्न हवं होतं आणि जितेंद्रचं अंगण ऐसपैस. भाड्याचा मांडव उभा राहिला, स्पीकरवर गाणं सुरू झालं, हिरो-हिरॉइन ओठ हलवायला लागले. दुसऱ्या टेकला संपदाला अख्खं गाणं पाठ होतं. गाण्यांचं वेडच तिला!

मध्येच चंदनच्या डोक्यात आलं की खरीखुरी धवलारीण हवी. गावची रखमाबाई तिथंच बघत उभी होती.

"मौसी, दोनच लाइनी गा. बाकी म्यूझिक नंतर टाकतोय मी."

"हा गाना न्हाय रं बाबा," रखमाबाई म्हणाली. "धवला गायला का देव मांडवात येतान आन् लगीन लागतं. हा तुजा नवरदेव हिचा नवरा व्हनार हाय का?"

"अरे, मेरे तो दो बच्चे हैं!" हिरो घाबरून मागे सरला.

"मंग त्याच्या बायकोनं माजा काय घोडा मारलाय?"

बायका खो खो हसल्या. ऊन उतरत चाललेलं, चंदननं कपाळाला हात लावला. रखमाबाई मात्र हसली नाही. तिची नजर संपदावर येऊन थांबली होती.

"लगीन लागायचा राह्यलाय असा एक जोडा याच घरात हाय. त्यांना उभा कर, मी गातंय."

"चालेल, चालेल! पाठमोरे घेतो. चेहरे हिरो-हिरॉइनचे लावू नंतर."

जितेंद्रनं उजेड पाडायला हातात धरलेला थर्माकोल खाली ठेवला. संपदाला पाऊल उचलवेना. ती ओट्याकडे बघत होती. तिथं सासूबाई बसल्या होत्या.

"सुलू," रखमाबाईनं त्यांनाच विचारलं, "धवल्यात वरमायचा नाव येतं. तुजा घेऊ का नको?"

सासूबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. संपदानं मान खाली घातली. झालं, संपलं. चंदन घड्याळ बघायला लागला.

सासूबाई बाहेर आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात हळदीची वाटी घेऊन.

"घे माजा नाव," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हळदीची बोटं संपदाच्या गालांवर ओढली.

रखमाबाईनं आवाज लावला. ढोलकी नाही, पेटी नाही. जितूचं नाव आलं, सुलूचं आलं, आणि मग इंद्रलोकच्या गुणवंताची लेक संपदा आली. संपदाला शेकड्यांनी गाणी पाठ होती, ती सगळी कुणाचीही होती. हे एक तेवढं तिचं होतं. तिला रडू आवरेना. मनातल्या मनात ती रखमाबाईचे, त्या येड्या गाण्याचे, दोन पोरांचा बाप असलेल्या हिरोचेसुद्धा उपकार मानत होती.

"ब्यूटिफुल! रोते रहो!" कॅमेऱ्यामागून चंदन ओरडला.

पॅकअप झालं. डेकोरेटरची माणसं बांबू सोडायला लागली, तशा सासूबाई आडव्या आल्या.

"हात लावू नका मांडवाला."

"मौसी, भाड्याचा आहे," चंदन म्हणाला. "आजच परत द्यायचाय."

"उद्या द्या. आज आमचे घरात सून आलीय."