टेकलेली कड

मित्रांनो, छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीमागे नीट बघितलंत, तर अवजार धरणारे तीन हात दिसतील. खालचे दोघे वजन उचलतात आणि त्याचा तोरा मिरवतात. त्यांच्या वर, मधोमध, एकटी जी जाड दांडी असते ती मी. मी एक जुनी हायड्रॉलिक टॉप लिंक आहे. अवजार पुढे झुकवायचं की मागे, हे माझ्याकडे असतं. माझ्या पोटात तेल आहे. एका तोंडाने तेल आत आलं की मी लांब होते, दुसऱ्या तोंडाने आलं की आखडते. आपल्या आयुष्यात याहून जास्त काही घडायचं नाही, असं मला कारखान्यात वाटलं होतं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. नळी तासली, आत दांडा घातला, रबरी कड्या बसवल्या, वरून लाल रंग फासला आणि खोक्यात कोंबलं. मग बरेच दिवस मी एका दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले होते. शेजारी माझ्याच जातीच्या दोघी होत्या, एक लांबडी आणि एक जाडी.

एके दिवशी दुकानात एक बाप आणि त्याची मुलगी आली. तो तिला ताई म्हणत होता. मैदानं, अंगणं, कच्चे रस्ते सपाट करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. दुकानातला मिस्त्री बोलका होता. "जुनी दांडी आणली असती तर माप घेता आलं असतं," तो म्हणाला. बाप जमिनीकडे बघत राहिला. ताईने खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली.

"आखडल्यावर या गाठीच्या आत यायला हवी, आणि लांब झाली की या शेवटच्या गाठीपर्यंत पोचायला हवी," ती म्हणाली.

मिस्त्रीने सुतळी आम्हा सगळ्यांना लावून बघितली. लांबडी पूर्ण आखडूनही गाठीच्या बाहेरच राहिली. जाडीला तेल फार लागे. त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरवर ती रांगत हलली असती. माझी भोकं मात्र त्यांच्या पिनांना बरोबर बसत होती. ट्रॅक्टरच्या मागे तेलाची दोन तोंडं मोकळी आहेत ना, एवढं विचारून मिस्त्रीने मला पुढे सरकवलं. स्वतःची निवड झाली की कोणाला आनंद होत नाही? मला तर आभाळ ठेंगणं झालं.

"पण हिच्यावर कुलूप बसवून घ्या," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे तेल अडवणारा व्हॉल्व्ह हो. नाहीतर आतली कडी झिजली की ही आपोआप सरकायला लागते. आत्ता शिल्लक नाहीये. पुढच्या आठवड्यात येईल."

"पुढचा आठवडा नको," बाप म्हणाला. "ती दांडी मला आजच्या आज घराबाहेर काढायचीय."

मिस्त्रीने पावती फाडली. ताईने मला उचलून काखेत धरलं.

ती दांडी कोणती, हे मला त्यांच्या शेडमध्ये कळलं. माझ्याआधीची टॉप लिंक हाताने फिरवायची होती, दोन्ही टोकांना आटे असलेली. उतार बदलायचा झाला की दर वेळी खाली उतरून तिला पीळ द्यावा लागे. ते काम ताईचा धाकटा भाऊ करायचा. एका दुपारी त्याने ती फिरवत फिरवत अगदी शेवटच्या आट्यावर आणली आणि माती सपाट करणारं ब्लेड कुठवर टेकतं ते बघायला मागे जाऊन वाकला. आटा निसटला. पेटीसारखं ते भलंमोठं लोखंडी ब्लेड त्याच्यावर आलं. धाकटा त्यातून उठला नाही.

मित्रांनो, मी तिच्याच जागी बसले. तिने घासून चकचकीत केलेल्या त्याच भोकांमध्ये माझ्या पिना गेल्या. नवं लोखंड थंड असतं म्हणतात, पण ती जागा मला पहिल्या दिवसापासून कोमट लागली.

काम मात्र मी जीव तोडून केलं. ताईने ट्रॅक्टर हातात घेतला. सीटवर बसल्या बसल्या ती शेजारचा दांडा मागे ओढायची की मी आखडायचे, ब्लेड पुढे झुकायचं आणि त्याचे दात कडक माती उकरायचे. दांडा पुढे ढकलला की मी लांब व्हायचे, मग ब्लेडची मागची कड तीच माती पसरून गुळगुळीत करायची. कोणाला उतरावं लागत नव्हतं. कोणाला वाकावं लागत नव्हतं. "काय सुरेख उतार काढलाय, पाणी एका जागी ठरत नाही," असं लोक ताईला म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. तिचे बाबा मात्र माझ्याकडे कधी धड बघत नसत.

काही वर्षांनी माझी आतली कडी झिजली. मिस्त्री म्हणाला होता अगदी तसंच, आणि कुलूप बसवायचं तर राहूनच गेलं होतं. शेडची जमीन ओलसर होती, म्हणून बाबा संध्याकाळी ब्लेड वीतभर उचलून, सपाट ठेवून जायचे. रात्रभर त्याचं वजन मला ओढत राहायचं. झिजलेल्या कडीच्या बाजूने तेल पाझरायचं आणि मी हळूहळू लांब व्हायचे. सकाळी ब्लेडची मागची कड जमिनीला टेकलेली असायची आणि पुढची उचललेली.

पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा बाबा दारातच थांबले. धाकटा ब्लेड असंच ठेवायचा. मागची कड टेकवून, पुढची वर, म्हणजे धुतलेलं पाणी निथळून जाईल. घरात दुसरं कोणीही तसं ठेवत नसे.

"आलास का?" बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज सगळ्यांच्या आधी शेडमध्ये येऊ लागले. ब्लेडवर हात ठेवून धाकट्याशी बोलायचे. शाळेच्या मैदानाचं काम संपलं. ताईने जुने टायर बदलले. गुडघा फार दुखतो. मी सगळं ऐकायचे. तो धाकटा नव्हे, पाझरणारं तेल होतं हे मला ठाऊक होतं, पण मला बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगू का? रात्री सरकताना कधीकधी मलाही वाटायचं की कोणीतरी मला ओढतंय, न चिडता, ओळखीच्या हाताने. मग मी भीतीने आणखी घट्ट धरून बघायचे आणि तरी सरकायचे.

एकदा दुपारी ब्लेडच्या दातांत कुंपणाची तार गुंतली. ताईने ब्लेड उचललं, इंजिन बंद केलं आणि बाजूने हात घालून ती तार सोडवू लागली. मी जीव मुठीत धरून थांबले. जमलं नाही. आतली कडी एकदम फाटली आणि मी झटक्याने लांब झाले. ताईने हातमोज्यातून हात खेचून घेतला. हातमोजा मागच्या कडेखाली चिरडला.

तिने तो कडेखालून ओढून काढला. मग बाबांना हाक मारून म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता मिस्त्रीकडे नेते."

"नको, ताई."

"का नको?"

बाबा टेकलेल्या कडेकडे बघत म्हणाले, "तो येतो गं."

"माहितीय मला. रोज सकाळी ऐकते मी तुम्हाला."

"मग? तो तुला काही करणार नाही."

"तो नाही करणार, बाबा. पण लोखंडाला बहीण कळत नाही." तिने तो चपटा हातमोजा त्यांच्या हातात दिला. "तुम्हाला अजून एकीशी असं बोलायचंय का?"

बाबांनी हातमोजा उलटसुलट करून बघितला. त्याची बोटं त्यांनी एकेक करून चाचपली. मग ते माझ्याजवळ आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि स्वतःच्या हाताने माझ्या पिना उपसल्या.

मिस्त्रीने माझ्यात नवी कडी घातली आणि वर कुलूप बसवलं. आता इंजिन बंद असताना तेलाचा थेंबही जागचा हलत नाही. ब्लेडही आता रोज संध्याकाळी लाकडी फळ्यांवर पूर्ण खाली टेकवून ठेवतात. तो नेम बाबांनीच घातला.

मित्रांनो, उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका, डोकं घालू नका, यंत्र कितीही ओळखीचं असलं तरी. आधी ते खाली टेकवा. आणि आम्ही सरकायला लागलो, ठिबकायला लागलो, तर त्यात कोणाला शोधू नका. आम्हाला दुरुस्त करा.

बाबा अजूनही सकाळी येतात. ब्लेड सपाट असतं. ते वाकून पुढची कड बघतात आणि काही न बोलता जातात. त्यांच्यासाठी बोटभर तरी सरकावं, असं मला फार वाटतं. पण मी आता अगदी नीट झाले आहे, आणि तेवढं मला करता येत नाही.