डोळ्यांवर आलेला आळ

मी एक दुर्बीण बोलतेय. एका डोळ्याची, हिरव्या अंगाची, तीन पायांच्या स्टँडवर बसणारी. आणि पडलेली. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण ते वेळेवर न सांगितल्यामुळेच पुढचं सगळं झालं.

जन्म माझा जपानमधला. पहिला मालक लंडनमधल्या हॅरोचा, रेल्वेतून रिटायर झालेला एक साहेब. तो मला लोकरीच्या मोज्यात घालून ठेवायचा. तो गेला आणि त्याच्या मुलीनं मला वेम्बलीला, ईलिंग रोडवरच्या पद्माकररावांच्या दुकानात आणून दिलं. मोजा तिनं स्वतःकडे ठेवून घेतला.

पद्माकरराव मूळचे मिरजेचे. आधी त्यांचं फोटो धुण्याचं दुकान होतं. वेम्बलीतल्या लोकांची लग्नं, बारशी, मुंजी, सगळं त्यांच्या काळ्या खोलीतून बाहेर पडायचं. मग डिजिटल कॅमेरे आले आणि दोन वर्षांत ती खोली अडगळीची झाली. हा माणूस रडत बसला नाही. जुन्या दुर्बिणी घ्यायच्या, उघडायच्या, साफ करायच्या आणि विकायच्या, असा नवा धंदा त्यांनी सुरू केला. कुठला कोर्स नाही की पुस्तक नाही. "उघडून बघितलं की कळतं," एवढंच त्यांचं शिक्षण.

त्या दुकानात मी माणसं बघायला शिकले. एक आजी आल्या, बागेतल्या चिमण्या बघायच्यात म्हणून दुर्बीण घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या त्या शेजारच्या सुनेनं कसले पडदे लावलेत ते सांगत. "आणि चिमण्या?" पद्माकररावांनी विचारलं. "त्या काय, उडतात," आजी म्हणाल्या. पद्माकरराव असं गिऱ्हाईक हसवत हसवत सांभाळत. गिऱ्हाईक हसलं की पाकीट आपोआप उघडतं, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक झालं होतं.

आता ते जानेवारीचं सांगते. दोन हजार सात साल. पद्माकरराव शिडीवर चढून मला वरच्या फळीवर ठेवत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एक हात फोनकडे गेला आणि मी फरशीवर आले. बाहेरून एक ओरखडा, बस्स. पण पोटात माझा एक लोलक केसभर सरकला.

ते मला दारात घेऊन गेले आणि समोरच्या साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर रोखलं. वीसपट मोठं केलं, पाटी स्वच्छ. चकती फिरवून साठपट केलं, तर प्रत्येक अक्षराशेजारी त्याचं भूत उभं. मला उघडून बघितलं, पण या वेळी उघडून कळलं नाही. शेवटी मला पुन्हा बंद केलं आणि स्वतःशीच म्हणाले, "एवढ्या पॉवरवर बघतो कोण?"

बघणारी फेब्रुवारीत आली.

सुलक्षणाताई लंडनजवळच्या स्लाऊला राहायच्या. तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स, आता रिटायर. मुलगा ऑस्ट्रेलियात, मिस्टर चार वर्षांपूर्वी गेलेले. पद्माकरराव, त्या आणि स्लाऊचाच हरीश, अशी तिघांची रविवारची टोळी होती. लंडनच्या उत्तरेला दोन तासांवर एक मोठा जलाशय आहे. तिथे वसंतात आफ्रिकेतून ऑस्प्रे येतात. मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, पाय खाली सोडून पाण्यावर झेपावणारा. हे तिघं तिथल्या हाईडमध्ये, म्हणजे लपून पक्षी बघायच्या लाकडी खोपीत बसून वहीत नोंदी करत, कोण आलं, कोण गेलं, मासा किती वाजता आणला. पिल्लांच्या पायात रंगीत रिंग असते, तिच्यावरचा आकडा वाचला की कुठलं पिल्लू ते कळतं. त्या वर्षी रिंगा वाचायचं काम जलाशयाच्या वॉर्डनबाईंनी खास सुलक्षणाताईंना दिलं होतं. "डोळ्यांची नर्स आहे, तिच्याहून चांगलं कोण वाचणार!"

"पद्माकर, मला माझी स्वतःची दुर्बीण हवी," ताई काउंटरवर टेकून म्हणाल्या. "तुमच्याकडची वस्तू म्हणजे मला बघायलाही नको."

त्या दिवशी दुकानात त्या जातीची मी एकटीच होते. नवा माल महिन्याभरानं येणार होता. पद्माकररावांनी मला उचललं, दारात नेलं आणि पाटीवर रोखलं. वीसपटीवर.

मी स्वच्छ दाखवलं.

मला बोलता येत नाही, हे खरं. पण त्या दिवशी बोलता आलं असतं, तरी मी बोलले नसते. फळीवर धूळ खाऊन मी कंटाळले होते. कुणाच्या तरी खांद्यावरून उन्हात जायचं होतं मला. पद्माकररावांनी मनात म्हटलं असेल, नवा माल आला की बदलून देऊ. मी तेवढंही म्हटलं नाही.

नवा माल आला, विकलाही गेला.

सुलक्षणाताईंच्या घरी मी खिडकीशी असायचे. जुलैत पिल्लांना रिंगा घातल्या आणि माझी मोठी पॉवर पहिल्यांदा लागली. ताईंनी चकती फिरवली, डोळा लावला, काढला. चष्मा पुसला. पुन्हा लावला. वहीत लिहिलं, "रिंग वाचता आली नाही." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. हाईडमध्ये पाहुण्यांसाठी एक दुर्बीण होती, पण मुलांना घरटं चटकन सापडावं म्हणून तिला मोठी पॉवरच नव्हती. तिच्यातून ताईंना स्वच्छ दिसायचं. माझ्यातूनही वीसपटीवर स्वच्छ दिसायचं. त्यांनी नर्सच्या हिशोबानं अर्थ लावला. लांबचं बारीक गेलं. आईचंही असंच सुरू झालं होतं. आईला सत्तरीत काहीच दिसत नव्हतं.

त्या माझ्यावर संशय घेऊ शकत होत्या. घेतला नाही, कारण मी पद्माकरच्या दुकानातली होते.

डॉक्टरकडेही गेल्या नाहीत. ज्या वॉर्डात दुसऱ्यांचे हात धरून चालवलं, तिथे आपला हात कुणी धरायचा? शिवाय एकदा कागदावर आलं की गाडी चालवणं बंद, हे त्यांना पाठ होतं. सकाळी उठल्या उठल्या त्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून एकेक डोळा झाकून बघायच्या. एकदा भीती बसली की कॅलेंडरही धूसर दिसतं. मी खिडकीतून बघत असायचे. माझ्यासारखी निर्लज्ज वस्तू त्या घरात दुसरी नव्हती.

पद्माकररावांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ऑगस्टपासून ताई हरीशच्या गाडीतून यायला लागल्या. पद्माकरराव हाईडमध्ये माझ्यापासून लांबच्या टोकाला बसू लागले. माझ्याकडे बघायचेच नाहीत.

मग सप्टेंबरचा पहिला रविवार आला, मोसमातला शेवटचा. आई पक्षीण कधीच आफ्रिकेला गेलेली. दोन पिल्लं गेलेली. बाप गुरुवारपासून दिसला नव्हता. वाळक्या झाडावर एकच पिल्लू उरलं होतं आणि माशासाठी ओरडत होतं.

"बघा याला," हरीश म्हणाला. हरीश नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, सदा भुकेला. "भावंडं स्पेनला पोचली असतील, अन हा इथे डबा मागून राहिलाय."

"तुझाच भाऊ दिसतोय," ताई पुऱ्यांचा डबा उघडत म्हणाल्या. "बायको माहेरी गेली की तूही माझ्या दारात असाच ओरडतोस."

"काकू, मी पुऱ्यांसाठी ओरडतो. बायकोसाठी नाही. हे तिला सांगू नका."

"सांगणारच आहे. पद्माकर, घ्या की. आज गप्प का? एरवी तुमची एक गोष्ट संपेपर्यंत दोन पिल्लं उडून जातात."

"घसा जरा बसलाय," पद्माकरराव म्हणाले.

शेवटच्या रविवारी प्रत्येकानं वर्षातली आपली आवडती नोंद सांगायची, अशी या तिघांची रीत होती. हरीशनं मेमधली सांगितली. बापानं आणलेला ट्राउट मासा पायांतून सुटला आणि कार पार्कमध्ये एका बाईच्या गाडीवर पडला. बाईनं विचारलं, "हा कुणाचा?" हरीश म्हणाला, "मॅडम, तुमचाच. होम डिलिव्हरी." तिघंही हसले. पद्माकरराव जरा उशिरा हसले.

"माझं यंदा सांगण्यासारखं काही नाही रे," ताई म्हणाल्या. "एक मात्र सांगायचंय. पुढच्या वर्षी मी येणार नाही. डोळे गेले माझे. आईचेही असेच गेले. वॉर्डनबाईंना ईमेल केलीय मी. आता चेहरे पाडून बसू नका, मला ते आवडत नाही. आणि हरीश, ही दुर्बीण तू घ्यायचीस. चांगली आहे, चांगल्या हातात राहू दे."

हरीश उठला, माझ्यामागे बसला, चकती पूर्ण फिरवली आणि डोळा लावला. मी त्याला एका फांदीवर दोन पिल्लं दाखवली. त्यानं फोकस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. त्याला वाटलं, आपल्यालाच लावता येत नाहीये. आणि डोळे चाललेली बाई आपली वस्तू हातात देत असताना त्या वस्तूत खोट काढायची कशी?

"वा!" हरीश म्हणाला. "काकू, एकदम क्लिअर! रिंगसुद्धा दिसतेय."

ताई हसल्या. "म्हणजे माझेच," त्या हळूच म्हणाल्या आणि माझी काच पुसायचा पिवळा कपडा घडी घालून हरीशपुढे ठेवला.

आता पद्माकरराव सुटले होते. तरुण डोळ्यांनी साक्ष दिली होती. पुन्हा कधी कुणी विचारणार नव्हतं. मलाही वाटलं, सुटलो आपण. तेव्हा असं वाटल्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पद्माकररावांनी हातातली पुरी डब्यात परत ठेवली.

"हरीश, रिंगवर आकडा काय आहे?"

"अं... काका, तो हलतोय ना."

"हलत नाहीये. सांग."

हरीशनं डोळा काढला आणि खाली बघितलं.

"त्याला दिसत नाहीये, ताई. त्या दुर्बिणीतून कुणालाच दिसणार नाही. ती पडलेली आहे. जानेवारीत, माझ्या हातून. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तुम्हाला दिली."

बाहेर पिल्लू ओरडत होतं. पद्माकरराव उठले, स्वतःची दुर्बीण उचलून ताईंसमोर आणली, पिल्लावर रोखली, पॉवर पूर्ण केली.

"इथे डोळा लावा."

ताईंनी लावला नाही. "आणि इथेही नाही दिसलं तर?"

पद्माकरराव बाजूला झाले.

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकल्या. फोकस जरासा फिरवला. मग वॉर्डात पेशंटचा चार्ट वाचावा तशा आवाजात म्हणाल्या, "उजवा पाय. तीन. आठ." थोड्या वेळानं पुन्हा, "तीन, आठ." घड्याळ बघितलं. बारा चाळीस.

मग त्या सरळ झाल्या.

"पद्माकर, मी गाडी विकली हो."

"ताई, मी नवी दुर्बीण..."

"दुर्बिणीचं बोलत नाहीये मी. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघत होते. पोराला फोनवर सांगत होते, माझी काळजी करू नकोस. तुम्ही दर रविवारी माझ्याशेजारी बसून माझ्या हातच्या पुऱ्या खात होतात."

पद्माकररावांनी डब्याचं झाकण लावलं.

"काकू, सॉरी," हरीश म्हणाला. "मला वाटलं, मलाच..."

"तू गप्प बस. तू प्रेमानं खोटं बोललास. तेही मला आयुष्यभर पुरलं असतं."

हरीशनं सवयीनं झाडाकडे बघितलं. फांदी रिकामी होती. पिल्लू कधी उडालं, कुठल्या दिशेनं, तिघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं. ताईंनी वही ओढली आणि लिहिलं, "शेवटचं दर्शन बारा चाळीस, रिंग अडतीस, सुलक्षणा." वर्षभरात त्यांनी वाचलेली ती एकच रिंग.

वही मिटून त्या म्हणाल्या, "ही दुर्बीण तुमच्या दुकानात जाईल. फळीवर नाही, काउंटरवर. विकायची नाही. कुणी हात लावला की काय झालं ते सांगायचं, सगळं. आणि मार्चपासून दर रविवारी सकाळी सहाला तुम्ही गाडी घेऊन माझ्या दारात. हॉर्न वाजवायचा नाही. बेल वाजवायची."

"माफ केलंत?" पद्माकररावांनी विचारलं.

"ते मी म्हटलेलं नाही."

तेव्हापासून मी काउंटरवर आहे. स्टँडला एक कार्ड बांधलंय, "पडलेली आहे. विकायची नाही." पहिले काही दिवस पद्माकरराव घाईघाईत सांगत, "हातून पडली, झालं." आता फोन वाजल्यापासून गाडी विकल्यापर्यंत सगळं सांगतात, आणि मध्ये कुणाला हसवत नाहीत. काही गिऱ्हाइकं ऐकून काही न घेताच निघून जातात. ते त्यांना जाऊ देतात.

मला दिवसातून कितीदा तरी माझीच गोष्ट ऐकावी लागते. सवय होत नाही. तुम्ही कधी जुनी दुर्बीण घ्यायला गेलात, तर पूर्ण पॉवरवर बघितल्याशिवाय घेऊ नका. विकणारा घरचा असला तरी, आणि घरचा असला तर जरूर. आणि एखाद्या दिवशी समोरचं धूसर दिसलं, तर पहिला आळ स्वतःवर घेऊ नका. आमच्यासारख्या वस्तू तो आळ मुकाट्यानं तुमच्यावर राहू देतात.

ताईंनी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर थोडा बदलला, बाकी ठणठणीत. शनिवारी त्या कधी कधी दुकानात येतात. पद्माकररावांशी फार बोलत नाहीत, "उद्या सहाला," एवढंच सांगतात. मग माझ्याजवळ येतात, चकती साठपर्यंत फिरवतात आणि समोरच्या पाटीकडे बघतात. आधी उजव्या डोळ्यानं, मग डाव्या. मी दोन्ही डोळ्यांना तीच दुहेरी अक्षरं दाखवते.

"दोन्हींना सारखंच," त्या म्हणतात, आणि समाधानानं निघून जातात.