मालक महादेव

मी महादेवाचा वळू बोलतोय. आवाज बारीक आहे, कारण मान जमिनीला टेकलीय. पण थापा मारायला मान उचलावी लागत नाही.

माझं कूळ मोठं. सिंधू नदीकाठच्या मुद्रांवर वशिंड मिरवत उभा आहे तो बैल माझा पणजोबा. तेर गावाला जमीन नांगरताना भाजक्या मातीचे चिमुकले बैल सापडतात, ते माझे मामा. कैलासावरचा नंदी आमच्याच भावकीतला; मोठ्या घरी गेला आणि ओळख विसरला. मी स्वतः एकदा असा डुरकलो, की लोहाऱ्याच्या बाजारात मडकी तडकली आणि जळकोटच्या रस्त्यावरची यष्टी आपोआप मागं सरकली. पटत नसेल तर कंडक्टरला विचारा. तो तेव्हापासून बोबडा बोलतो.

जन्म रुद्रम्माच्या गोठ्यातला. तिचा एकुलता एक गुरुलिंग तापानं निपचित पडला होता. तिनं नवस बोलला, "महादेवा, पोरगं ठेव, गोऱ्हा तुझा." पोरगं उठून बसलं. माझ्या मांडीवर तापलेला त्रिशूळ टेकवला, कातडं करपल्याचा वास आला, लोकांनी 'हर हर' केलं आणि माझं दावं सुटलं.

मग काय! कुणाच्याही ज्वारीत शिरावं, शेतवाल्यानं काठी टाकून हात जोडावेत. बायका "बसवण्णा आला" म्हणत कपाळाला कुंकू लावायच्या. गावातली निम्मी वासरं माझी. उरलेल्या निम्म्यांचं बापपणही मी कधी नाकारलं नाही.

बाहत्तरला पाऊस आलाच नाही. ज्वारी गेली, कडबा गेला, हात जोडणारे तेवढे राहिले. सोसायटीनं माळावर गुरांची छावणी घातली. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं रुद्रम्मा, गाय घेऊन.

"ह्याचा मालक कोण?" कारकुनानं विचारलं.

"महादेव," सोसायटीचे चेअरमन कल्याणप्पा म्हणाले.

"मग बोलवा त्यांना, अंगठा द्यायला. मालकाबिगर पेंडी न्हाय."

रांग खदखदा हसली. कल्याणप्पा रुद्रम्माकडं वळले. "अक्का, तुमच्याच गाईचा हाय. माझा म्हणा, सुटला इषय."

रुद्रम्मानं तोंड उघडलं. शेजारी गुरुलिंग उभा होता, नुकतं मिसरूड फुटलेला. देवाला दिलेलं आपण परत घेतलं, तर देवही आपलं परत घेतो. तिनं पोराचा दंड घट्ट धरला.

"न्हाय बा. देवाचा हाय."

तिच्या गाईला पेंडी मिळाली. ती गाय माझी आई. मी बघत राहिलो. तिनं खाताना मान वळवली नाही.

मी सुकत गेलो. पूजा मात्र वाढली; दुष्काळात देव जास्त आठवतो. कुंकवाचा थर बोटभर आणि पोट पाठीला. एक दिवस देवळासमोर बसलो, तो उठलोच नाही.

तेव्हा गाव घाबरलं. देवाचा बैल उपाशी मेला तर पाप लागणार! कल्याणप्पांनी तोड काढली. "ह्यो जिता हाय तवर ह्याची मूर्ती उभी करू. जीव मूर्तीत जाईल. मेला असं म्हणायचंच न्हाय."

"अन् मागं उरंल ते धूड?"

"मच्छिंद्र ओढंल की."

बौद्धवाड्यातला मच्छिंद्र खडी फोडून घरी चालला होता. त्याला हाक मारली. तो माझ्याकडं वाकून बघत म्हणाला, "अप्पा, मेलेलं ओढायचं आमच्या बापानंच सोडलं. अन् हे तर पापण्या हलवतंय. एक पेंडी टाका की."

"टाकली असती रे. मालक कोण लिहू?"

"मग मालकालाच सांगा ओढायला," म्हणत त्यानं देवळाकडं बोट केलं आणि वाट धरली.

आज गवंडी माझ्यासमोरच काम करतोय. मघाशी त्यानं विचारलं, "अप्पा, बरगड्या दावायच्या का?"

"येडा का खुळा? चांगला भरीव कर. बघणाऱ्याला वाटलं पायजे, गावानं पोसलाय."

सिमेंट कालवायला घरटी एक घागर पाणी. आत्ता रुद्रम्मा आलीय. पाण्याचा वास आला आणि मी पुढच्या गुडघ्यांवर जोर देत मागून अर्धा उठलो. ही थाप नाही.

"उठला! जीव निघाला मूर्तीकडं!" लोक ओरडले. सगळ्यांनी हात जोडले.

रुद्रम्मा थांबली. माझ्याकडं वळली. घागर कलली.

"अक्का, तिकडं न्हाय, इकडं. माल सुकतोय."

पाणी सिमेंटात गेलं. मी खाली आलो.

कधी आलात इकडं, तर देवळापुढं गुबगुबीत बसवण्णा दिसेल. त्याच्या तोंडाला गूळ लावू नका, तो खात नाही.

रुद्रम्मानं रिकाम्या घागरीच्या आतून हात फिरवला आणि ओली बोटं माझ्या नाकाशी धरली. मी चाटतोय.

"अक्का, ह्याला कुंकू लावून घ्या," कल्याणप्पा म्हणतायत. "अजून डोळे उघडे हायत."