शेपटीतले पाणी

"माझंच चुकलं. हवा उचलत होती, मी वर जातच राहिलो. हाव सुटली," दाजी पलंगावरून म्हणाले.

"पुरे आता तो विषय," त्यांना सूप भरवणारी ताई म्हणाली. मग पायथ्याशी उभ्या धाकट्या भावाकडे वळली, "बस ना रे. आल्यापासून खांबासारखा उभा आहेस."

तो बसला नाही. तो ग्लायडर क्लबातला मेकॅनिक. दाजींना उडण्याचा नाद त्यानेच लावला होता, आणि त्यांच्या ग्लायडरला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. इंजिन नसलेल्या त्या विमानाला वेग यावा म्हणून पंखांत पाणी भरतात. तोल राहावा म्हणून थोडे शेपटीतही. वर कडाक्याची थंडी असते, म्हणून पाणी गोठू नये यासाठी त्यात रसायन मिसळायचे. त्या सकाळी पंख भरता भरताच कॅन संपला. दुसरा मैदानापलीकडच्या गोदामात. दाजी घाई करत होते, ग्लायडर ओढून वर नेणारा दोर लावायला माणसे ताटकळली होती. 'एवढ्याशा पाण्याला काय धाड भरणार,' असे म्हणत त्याने शेपटीत नळाचे साधे पाणी सोडले.

उतरण्याआधी वजन कमी करायला दाजींनी टाक्यांच्या झडपा उघडल्या. पंख रिकामे झाले. शेपटीतला बर्फ जागचा हलला नाही. मागून जड झालेले ग्लायडर नाक वर करून लटपटले आणि शेतात आदळले. चौकशीची माणसे पोहोचेपर्यंत बर्फ वितळून मातीत मुरला होता. फार उंच जाऊन दमले आणि उतरताना ताबा सुटला, असा दोष दाजींच्या माथी आला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला. कमरेखालचे अंग मात्र गेले ते गेलेच.

ताई वाटी विसळायला बाहेर गेली.

"दाजी, तुमचं नाही चुकलं." तो पलंगाजवळ आला. "शेपटीत मी साधंच पाणी भरलं होतं. रसायन संपलं, आणि मी... आणायचा कंटाळा केला."

बाहेरचा नळ वाहत होता, मग बंद झाला.

"हिला माहितीये?"

"नाही. आता सांगतो."

"सांग." दाजी म्हणाले, "आधी मला कुशीवर कर."

त्याने त्यांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले. "कुठल्या अंगाला, दाजी?"

"भिंतीकडे."

त्याने त्यांना सांभाळून वळवले. एका पायावर दुसरा पाय नीट ठेवला, मध्ये उशी दिली. पाठीवरची चादर सारखी केली आणि दाराकडे तोंड केले.