हात लावायचा नाही

दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसिंग करून निवृत्त झालेल्या कंपाउंडरकाकांनी गाडी मागे घेतली ती थेट अंगणातल्या अंजिरावर. एका बाजूची वीतभर साल सुटून लोंबायला लागली. हे झाड काकूंनी काडीएवढं असताना लावलेलं. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि बोलणंच टाकलं.

काका डगमगले नाहीत. जखम दिसली की त्यांचा हात आपोआप चालतो. साल ओली होती तोवर त्यांनी ती जागच्या जागी बसवली, वर ओलं फडकं लावलं आणि झकास पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पट्टी सोडून जखम पाहिली, नवी बांधली. तिसऱ्या दिवशीही तेच. ड्रेसिंग रोज बदलायचं म्हणजे बदलायचं!

नवव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. झाड गेलं, तर काकूंचा अबोला जन्माचा! काका धावतपळत जाऊन रोपवाटिकेतल्या माळीणबाईंना घेऊन आले.

"पहिल्या दिवशीचं काम छान केलंत," बाई म्हणाल्या. "मग रोज उघडता कशाला?"

"जखम बघायला नको?"

"अहो काका, साल चिकटायला बघतेय आणि तुम्ही रोज सकाळी तिला उपटताय! आता महिनाभर हात लावायचा नाही."

काकांना ती सक्तमजुरीच वाटली. आठ वाजले की हात शिवशिवायचे. एकदा तर बोटं गाठीपर्यंत गेली, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. काका मुकाट घरात आले.

महिन्याने माळीणबाईंनी पट्टी सोडली. वरची साल वाळून हातात आली. काकांचा चेहरा पडला. पण खालची चार बोटं साल खोडाला घट्ट धरून होती.

"जगलं," बाई म्हणाल्या. "उरलेली जखम कडेनं भरत येईल. तिला काही फासू नका, काही बांधू नका."

काकू दारात उभ्या होत्या.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कशात हात घातला नाहीत," त्या म्हणाल्या, "म्हणून वाचलं बिचारं."

टोमणा चांगलाच झोंबणारा होता. काकांना मात्र इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं.

"पुन्हा एकदा म्हण ना," ते म्हणाले.