व्हर्नाच्या पट्ट्यातला कचरा

लेबलं

वाळवंटात न्यायची प्रत्येक वस्तू आधी घरी सोलायची असते. खोकं नको, प्लास्टिक नको, दोरा नको; वाऱ्यावर उडेल असं काहीच नको. मायते एचेवेरीने यंदा हे जरा जास्तच मनावर घेतलं. विनमक्कातल्या तिच्या गॅरेजात ऑगस्टभर सोलकाम चाललं होतं. नव्या टॉवेलांच्या कडांचे सुटे धागे तिने ओढून काढले. पिशव्यांचे कोपरे कापले. शेवटी, कागद तो कागदच, म्हणून डब्याबाटल्यांची लेबलं कोमट पाण्यात भिजवून खरवडली. डबे चांदीसारखे लखलखायला लागले. सगळे ट्रकमध्ये रचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता कशात काय आहे ते देवालाही सांगता येणार नाही.

मग वाळवंटातल्या महोत्सवाचा आठवडाभर त्यांचा तळ, म्हणजे एकत्र तंबू ठोकणारी त्यांची टोळी, नशिबावर जेवला.

"नाश्त्याला काय?"

"उघड आणि बघ."

पीच निघाले की टाळ्या, बीट निघालं की शिव्या. लव्हलॉकचा ऑर्विल, ज्याचा तो ट्रक, तो दूध समजून कॉफीत बटाट्याचं सूप ओतून बसला होता. "मायते," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आमचीही नावं खरवडून आण. कोण कुणाची बायको तेही नशिबावर सोडू."

एकट्या व्हर्नाने, तळाच्या म्हाताऱ्या कप्तानाने, तक्रार केली नाही. डबा कानाशी धरून हलवायची, "मका" म्हणायची, आणि मकाच निघायचा. बाटली नुसत्या वासाने ओळखायची.

"तुला राग नाही आला?" मायतेने विचारलं.

"मला काय फरक पडतो?" व्हर्ना म्हणाली.

ते वाक्य तेव्हा मायतेच्या नुसतं कानावरून गेलं.

गालिच्याची झालर

मायतेच्या या अतिसोवळेपणाला कारण होतं. महोत्सव उठला की आयोजकांची माणसं सगळं मैदान चालून बघतात आणि एक नकाशा रंगवतात. ज्या तळाची जागा स्वच्छ, ती हिरवी. थोडं राहिलं तर पिवळी. लाल झाली, तर पुढच्या वर्षी तुम्ही कुठे तंबू ठोकायचा ते तुमचं तुम्ही बघा. वर्षानुवर्षं हिरवा असलेला त्यांचा 'पायधुणी' तळ गेल्या वर्षी पिवळा झाला, आणि गेल्या वर्षीच मायते पहिल्यांदा आली होती. आजीचा झालरवाला गालिचा घेऊन.

तिला कुणी काही बोललं नाही. फक्त हिवाळ्यात ऑर्विलने तिला टपालाने झालर कापायची एक कात्री पाठवली.

व्हर्ना स्टॉडर्डने हा तळ उभा केला तेव्हा तिचे केस काळे होते. इथली पांढरी धूळ पायांना सोडत नाही. टाचा चिरतात, बोटांच्या बेचक्यांत आग होते. कुणीही यावं, बाकावर बसावं, व्हर्नाने पाय मांडीवर घ्यावा आणि व्हिनेगरच्या पाण्याने धुवावा. बस्स. बदल्यात काही मागायचं नाही. मायते स्वतः गेल्या वर्षी त्या बाकावर बसली होती, रडत, कारण टाच फाटली होती आणि आणखीही बरंच काही फाटलं होतं. व्हर्नाने वर न बघता विचारलं, "मेंढ्यांमागे धावणारी आहेस ना तू? डाव्या पायावर भार देतेस." मायतेचा उजवा गुडघा लहानपणी बापाच्या मेंढवाड्यात निखळला होता. अजूनही बसता-उठता तो वाळकी काटकी मोडावी तसा वाजतो.

पाय धुऊन झाल्यावर व्हर्नाने घाण पाणी पुन्हा कॅनमध्ये ओतलं. थेंबही जमिनीवर सांडला नाही. मायते ते बघत राहिली. माणूस असंही असू शकतं, असं काहीसं तिला वाटलं, आणि ती त्या तळावर राहिली ती राहिलीच.

हिरवी टिकली

शेवटचा दिवस. सगळं ट्रकमध्ये चढलेलं. सावलीचं भलंमोठं कापड ज्या लोखंडी मेखांना ताणलेलं होतं, त्याही उपटून झाल्या.

"सगळ्या आल्या?" व्हर्नाने विचारलं.

"सगळ्या," ऑर्विल म्हणाला. "पोरांपेक्षा चांगलं ओळखतो मी त्यांना."

"तुझी पोरंही तुला दोनदा दुकानात विसरून आली होती."

"मी त्यांना विसरलो होतो!"

"तेच."

आता वेचणी. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, हात पसरला की शेजाऱ्याची बोटं लागावीत इतक्या अंतराने. प्रत्येकाच्या कमरेला पिशवी. प्रत्येकाचा आपला पट्टा, आपल्याच पट्ट्याकडे बघायचं. व्हर्ना मधोमध. गळ्यात शिट्टी. एकदा फुंकली की चालायचं, दोनदा फुंकली की थांबायचं.

शिट्टी वाजली. ओळ हलली.

मायते व्हर्नाच्या उजवीकडे, जराशी मागे. पांढऱ्या जमिनीवर काय काय असतं! अंगावरच्या कपड्यांच्या टिकल्या, लाकडाच्या कपच्या, पिस्त्याची सालं, केस, केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची कापलेली टोकं. दुसरीकडे याला कुणी कचरा म्हणणार नाही. इथे हे डोळ्यात खुपतं.

व्हर्नाच्या बुटापुढे एक हिरवी टिकली चमकली.

व्हर्नाने तिच्यावरून पाऊल टाकलं आणि ती पुढे गेली.

सुटली असेल, मायतेला वाटलं. सुटतं कुणाकडूनही. ती वाकली, टिकली उचलली.

पिस्त्याचं साल

मग पिस्त्याचं साल.

आणखी एक साल, दोऱ्याचा गुंता, प्लास्टिकचं टोक.

मग मायतेने मान वर करून पाहिलं.

व्हर्ना मान खाली घालून चालत होती. ऐटीत, कंबरेवर हात ठेवून, जशी ती नेहमी चालते. पण ती वेचत नव्हती. अधूनमधून वाकायची, मातीत बोटं फिरवायची, रिकामी चिमूट पिशवीत सोडायची आणि पुढे जायची.

कानाशी हलवलेले डबे. वास घेऊन ओळखलेल्या बाटल्या. "मला काय फरक पडतो?" आणि गेल्या वर्षीही व्हर्ना मधोमधच चालली होती.

म्हणजे गेल्या वर्षीचा पिवळा गालिच्यामुळे नव्हता तर.

हे बोललं, तर मायतेच्या माथ्यावरचा पिवळा डाग पुसला जाईल. व्हर्नाच्या गळ्यातली शिट्टी मात्र उतरेल. तिला कुणीतरी प्रेमाने, अगदी प्रेमाने, गाडीत सावलीला नेऊन बसवेल आणि पुढच्या वर्षापासून खुर्ची देईल. नाही बोललं, तर तळ लाल होईल आणि खुर्ची मांडायला जागाच उरणार नाही.

मायतेने तिसरा रस्ता धरला. स्वतःच्या पट्ट्यातलं कमरेच्या पिशवीत. व्हर्नाच्या पट्ट्यातलं सदऱ्याच्या डाव्या खिशात. व्हर्ना एक पाऊल पुढे गेली की मायते तिच्या पाठीमागे वाकायची, उचलायची आणि धावत आपल्या जागी यायची.

"एचेवेरीबाई नाचतायत काय?" डावीकडून ऑर्विल ओरडला.

"पायात गोळा आलाय!"

"मग पाय धुऊन घ्या. इथे एक चांगला तळ आहे म्हणे."

चादर

वेचणी संपली की पांढरी चादर पसरतात. एकेकाने पुढे यायचं, पिशवी उलटी करायची आणि कुठल्या पट्ट्यातलं ते मोठ्याने सांगायचं. का, ते कुणी विचारत नाही. चादरीवर खोटं बोलायचं नाही, इतकंच सगळ्यांना ठाऊक असतं.

ऑर्विलने पिशवी झटकली. "माझा पट्टा. कपच्या, बाटलीचं बूच, आणि हे काय... माझाच दात?"

"कवळी सांभाळ, म्हाताऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

व्हर्नाने आपली पिशवी उलटी केली. नुसती धूळ पडली. "माझा पट्टा स्वच्छ निघाला यंदा," ती म्हणाली. आवाज घट्ट होता, पण नेहमीसारखा मोकळा नव्हता.

मायतेची पाळी. तिने पिशवी रिकामी केली. "माझा पट्टा."

"आणि?" व्हर्ना म्हणाली.

"आणि काय?"

"खिसा."

सगळे तिच्याकडे बघत होते. व्हर्नाही बघत होती, पण जरा बाजूला, मायतेच्या कानाकडे.

"मुली, तुझा गुडघा वाजतो," व्हर्ना म्हणाली. "सगळी वाट तो माझ्या पाठीमागे वाजत होता. मी ऐकत आले. मला वाटलं, दोनदा-तीनदा वाजेल आणि थांबेल. थांबला नाही. काढ."

मायतेने खिसा उलटा केला. हिरव्या टिकल्या, सालं, टोकं, दोरे. चादरीवर छोटा ढीग झाला.

"कुठल्या पट्ट्यातलं?"

"कप्तान, जाऊ दे ना."

"चादर आहे ती."

"तुझ्या," मायते म्हणाली.

ऑर्विल खाकरला. "वाऱ्याने मागून आणलं असेल. वारा काय, कुणाचंही कुठेही—"

"ऑर्विल, गप बस. तू चांगला माणूस आहेस आणि वाईट खोटारडा." व्हर्नाने टोपी काढली. "ऐका. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. जिकडे बघावं तिकडे धूर. कडेकडेचं दिसतं तेवढं. ऑर्विलचं पोट दिसतं, तोंड दिसत नाही, म्हणजे देवाची अगदीच अवकृपा नाही. गेल्या वर्षीचा पिवळा माझा. गालिच्याची माफी मागा सगळ्यांनी."

तिने शिट्टी गळ्यातून काढली आणि हात पुढे केला. मायतेच्या हाताच्या थोडा डावीकडे.

"मला नको," मायते म्हणाली.

"मी विचारलं का?"

कुणीतरी गाडीचं दार उघडलं. कुणीतरी थंड पाण्याची बाटली काढली. "ये व्हर्ना, सावलीत बस, आम्ही बघतो." सगळं अगदी प्रेमाने.

मायतेने शिट्टी घेतली आणि फुंकली.

मेख

"पुन्हा," ती म्हणाली. "सगळी ओळ. उलट्या बाजूने. कप्तान मधोमध."

"अगं, उन्हात तिला कशाला—"

"कप्तान मधोमध. कप्तान, बूट काढ."

व्हर्ना तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाकडे, बघत राहिली.

"परवा तो दाढीवाला आला होता," मायते म्हणाली. "तू त्याची टाच नुसती चाचपलीस आणि आतून केसाएवढी कपची काढलीस. त्याला स्वतःला ती आहे हे माहीत नव्हतं. आम्ही वरचं बघतो. खालचं कोण बघणार?"

"ही धूळ अनवाणी पायांचं काय करते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. मग धुवायला आहे ना मी."

"आंधळीला अनवाणी चालवतेय," व्हर्ना म्हणाली, "आणि मी हिला सज्जन समजत होते." ती मातीतच बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. तिचे पाय बाहेर आले. आठवडाभर दुसऱ्यांचे पाय धुणारे तिचे हात सगळ्यांनी पाहिले होते. तिचे स्वतःचे पाय कुणी पाहिले नव्हते. भेगाळलेले, रुंद, बोटं पसरलेली, जुन्या झाडाच्या मुळांसारखे. ते जमिनीला टेकले तसे जणू जागे झाले.

ओळ निघाली. व्हर्ना सावकाश चालत होती, पाऊल उचलून नाही, सरकवून. टाच, कड, मग एकेक बोट. दोन्ही बाजूंची माणसं आपापला पट्टा विसरून तिच्याकडे बघायला लागली, तेव्हा मायतेला ओरडावं लागलं. "खाली बघा! ती नाचत नाहीये!"

एकदा व्हर्ना थांबली आणि पायाच्या बोटांच्या चिमटीत धरून तिने बांगडीचा तुकडा वर काढला. एकदा तार. जिथे स्वयंपाकाचा तंबू होता तिथे वाऱ्याने धुळीचा मऊ उंचवटा केला होता, साखर पसरावी तसा, वरून गुळगुळीत. मायते त्यावरून मघाशी स्वतः चालत गेली होती. बूट घालून.

व्हर्नाने उंचवट्यात पाय घोट्यापर्यंत घातला. पुढे सरकवला. मागे घेतला.

"ऑर्विल."

"काय?"

"तुझं एक पोर इथे राहिलंय."

ऑर्विल गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरायला लागला. आधी लोखंडाचं डोकं दिसलं, मग त्याखालची मान. हातभर लांबीची मेख, जमिनीत सरळ उभी, कुणाच्या टायरची किंवा टाचेची वाट बघत. त्याने ती पिळून पिळून वर काढली, मांडीवर घेतली आणि तिच्यावरची धूळ बाहीने पुसली. नेहमीचा ऑर्विल असता तर विनोद केला असता.

"कप्तान," तो एवढंच म्हणाला.

"रडू नको. जमीन ओली होईल."

काही नाही

मायतेने घमेलं मांडलं. सोललेल्या, निनावी बाटल्यांतली एक उघडली.

"ती नव्हे," व्हर्ना म्हणाली. "ती ऑर्विलची टकीला. बुचाचा आवाज वेगळा आहे."

दुसरी बाटली व्हिनेगरची निघाली. मायते बसली, तिचा गुडघा वाजला, दोघी हसल्या. तिने व्हर्नाचा पाय मांडीवर घेतला. भेगांतून पांढरं पाणी निघत होतं, मग करडं, मग स्वच्छ. व्हर्नाने एकदाच दात आवळले. मायतेला पाय कसा धरायचा ते नीट जमत नव्हतं, आणि व्हर्नाने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. या बाईला गप्प बसायला किती कष्ट पडत असतील, याचा अंदाज मायतेला होता.

"पुढच्या वर्षी शिट्टी तुझ्याकडे," शेवटी व्हर्ना म्हणाली.

"आणि तू?"

"मी मधोमध. दुसरीकडे कुठे जाणार?"

घाण पाणी कॅनमध्ये गेलं. घमेलं पुसलं, पुसायचं फडकंही आत ठेवलं. ऑर्विलने ट्रक सुरू केला, मेख मात्र पुढे स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवली. मायते व्हर्नाचा हात धरून उभी राहिली आणि त्यांचा तळ जिथे होता तिकडे वळली. बाक कुठे होता? चूल कुठे होती? तिने डोळे बारीक करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"काय दिसतंय?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही."

"नीट बघ."

"काहीच नाही, कप्तान. सगळीकडे पांढरं."

व्हर्नानेही तोंड तिकडे केलं.

"मग झालं," ती म्हणाली. "दोघींना सारखंच दिसतंय."